मोहाच्या छोट्या डिस्टिलरीत एक दिवस, आणि आपल्याकडच्या मोहाचं काय?

झाडीपट्टीकर

आमचा गोरेगाव तालुका, जिल्हा गोंदिया. नागझिऱ्याचं जंगल हाकेच्या अंतरावर. मार्च लागला की घरटी एकजण तरी पहाटे टोपली घेऊन मोहाखाली असतो, बहुतेक बाईमाणूसच. फुलं अंगणात वाळतात, व्यापारी येतो, घरात पैशाची नड असते, म्हणून तो सांगेल त्या भावानं पोती भरून दिली जातात. पावसाळा सरता सरता तीच फुलं गावातल्याच लोकांना चढ्या भावानं परत घ्यावी लागतात. लहानपणापासून हे पाहत आलो आहे आणि त्याचा मला मनापासून राग आहे. म्हणून हा धागा.

मध्य प्रदेशानं २०२२ पासून मोहाच्या दारूला हेरिटेज दारूचा दर्जा दिला आणि ती गाळायचा परवाना आदिवासी बचत गटांसाठी ठेवला. अलीराजपूरची 'मोंड' आणि डिंडोरीची 'मोहुलो' ही नावं इथल्या काहींनी ऐकली असतील. आमच्या बचत गटातल्या बायांनी ठरवलं की परवान्यानं दारू गाळतात तरी कशी, हे एकदा डोळ्यांनी पाहून यावं. ओळखीतून एका लहानशा डिस्टिलरीत जायची सोय झाली. तिथल्या बायांनी गावाचं नाव आणि फोटो टाकू नका असं सांगितलंय, तेव्हा कृपया विचारू नका.

पहाटे तीनला क्रूझर निघाली. गोंदिया, बालाघाट, मग बैहरचा घाट. बैहरच्या पुढे सागवान मागे पडतं आणि सालाचं जंगल लागतं. गाडीतल्या अर्ध्या बायांनी सालाचं झाड पहिल्यांदाच पाहिलं. रस्त्याचं सांगण्यासारखं एवढंच.

मला वाटलं होतं आधी भट्टी दाखवतील. त्यांनी आधी निवडायच्या खोलीत नेलं आणि तिथंच निम्मा वेळ गेला. आमच्या एका बाईनं घरची फुलं पिशवीत भरून नेली होती. तिथल्या प्रमुख बाईंनी काचेच्या दोन बरण्या घेतल्या, एकीत त्यांची मूठभर फुलं टाकली, दुसरीत आमची, आणि दोन्हींत पाणी ओतलं. बोलल्या काहीच नाहीत, फक्त थांबल्या. त्यांच्या बरणीतलं पाणी हळूहळू पिवळसर झालं, तळ स्वच्छ. आमच्या बरणीच्या तळाशी काळी रेघ बसली: राख, बारीक रेती, जळक्या पानाचे तुकडे. आपल्याकडे मोहाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ करतात, मग फुलं त्या राखेवर पडतात. ती राख सडव्यात, म्हणजे आंबवायला घातलेल्या मोहाच्या पाण्यात, जाते आणि सडव्यातून दारूत वास येतो. त्या बाई म्हणाल्या, "वास एकदा शिरला की भट्टीत कितीही हुशारी करा, निघत नाही." त्यांची फुलं जाळीवर पडतात. जमिनीला लागतच नाहीत.

पुढची खोली आंबवायची. झाकणाच्या स्टीलच्या टाक्या, प्रत्येकीवर तारीख आणि तापमानाचा कागद. गावात मडक्यात सडवा घालतात आणि उन्हाळ्यात तो तापून आंबट होतो, हे आपल्याला माहीत आहे. तिथं टाकीभोवती पाणी फिरवून तो थंड ठेवतात. मग भट्टी. आग दिसत नाही, धूर नाही. नळीतून धार सुरू झाली की पहिला हिस्सा वेगळ्या भांड्यात काढून बाजूला ठेवतात, त्याला नेलपॉलिशचा उग्र वास येतो. आपल्याकडे पहिल्या धारेला केवढा मान, म्हणून आमच्या बाया चमकल्याच. मधला हिस्सा तेवढा घेतात. शेवटचा, पाणचट आणि जड वासाचा, पुढच्या खेपेत मिसळतात. कुठं थांबायचं ते अल्कोहोल मोजायचं मापक आणि नाक, दोन्हींवर ठरतं. तिथली एक बाई, पन्नाशीची असेल, तळहातावर दोन थेंब चोळून वास घ्यायची आणि भांडं बदलायची. तिच्या हाताखालच्या दोन मुली वहीत वेळ लिहीत होत्या. प्रत्येक लिटरची नोंद ठेवावी लागते.

चव? मी घेतली, गटातल्या काहींनी घेतली, काहींनी नाही. फुलाचा गोडसर वास आधी येतो, मग मनुकेसारखी चव, आणि घशाला ओरखडा नाही. गावात मिळते तिच्याशी तिचं काही नातं आहे असं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

माझं म्हणणं एकच आहे. मोह जिथं वेचला जातो तिथंच त्याचं पुढचं काम व्हावं आणि ते वेचणाऱ्या बायांच्या हातात असावं. दारूचा परवाना आपल्याकडे बचत गटाला कधी मिळेल, मिळेल की नाही, तो सरकारचा विषय. पण स्वच्छ फूल ही सुरुवात आजही करता येते. त्या बायांचा भाव, त्यांचा मान, सगळं त्या बरणीच्या तळापासून सुरू होतं. इथल्या जाणकारांनी मत द्यावं. विरोधी मतही हवंच आहे.

पवनीची वैशाली

दादा, राखेचं अगदी बरोबर लिहिलंत. आमच्याकडे दर वर्षी जंगलाला ज्या आगी लागतात त्यातल्या कितीतरी मोहाखालच्या या जाळण्यातून पसरतात. वनविभाग ओरडतो, पण पाचोळ्यातून एकेक फूल वेचायला किती वेळ लागतो हे साहेबांनी कधी वाकून पाहिलेलं नसतं. आम्ही तीन-चार घरच्या बायांनी जुनी लुगडी शिवून झाडाखाली अंथरायला सुरुवात केली. फूल स्वच्छ राहतं आणि वेळही वाचतो.

वेळ वाचणं ही साधी गोष्ट समजू नका. मोहाच्या दिवसांत अस्वल त्याच फुलासाठी येतं, त्याच वेळी, त्याच झाडाखाली. ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडे तर वाघ. बाई खाली वाकलेली असते, तिला पाठीमागचं दिसत नाही. दर उन्हाळ्यात बातमी येते. बाईला झाडाखाली जितका कमी वेळ वाकावं लागेल तितकं बरं.

निवृत्त रसायनी

उत्तम धागा. नोकरीची सगळी वर्षं मी आसवन्यांच्या, म्हणजे डिस्टिलऱ्यांच्या, प्रयोगशाळेत काढली आणि नंतर मुलीकडे गेलो तेव्हा स्कॉटलंडमधल्या लहान व्हिस्की डिस्टिलऱ्या पाहिल्या, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

व्हिस्कीवाल्याचा अर्धा जीव धान्यातून साखर काढण्यात जातो. बार्लीत असतो स्टार्च. ती भिजवायची, मोड आणायचे, मोड वाळवायचे, भरडायचे, मग साधारण ६३ ते ६५ अंशांच्या पाण्यात मुरवायचे, तेव्हा कुठे साखर सुटते. मोहाच्या सुकल्या फुलात वजनाच्या निम्म्याच्या आसपास साखर तयारच असते. जे काम तिथं माल्टिंगच्या, म्हणजे मोड आणायच्या, फरशीवर आठवडाभर चालतं ते इथं झाडानं करून ठेवलेलं असतं. त्यामुळे दोष लपवायलाही जागा नाही. फूल घाण तर दारू घाण. त्या बाईंनी बरणी आधी दाखवली हे शंभर टक्के बरोबर केलं.

पुढचं सगळं सारखंच. व्हिस्कीत आंबवलेल्या द्रवात ७ ते ९ टक्के अल्कोहोल असतं, तांब्याच्या भांड्यात ते बहुधा दोनदा गाळतात. दुसऱ्या वेळी पहिला हिस्सा आणि शेवटचा हिस्सा बाजूला, मधला पिंपात. स्कॉच म्हणवायचं तर ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं, आणि बाटलीत किमान ४० टक्के.

पहिल्या धारेबद्दल एक खुलासा करतो, कारण गैरसमज जिवावर बेततो. पहिला हिस्सा काढला की मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, संपलं असं कोणी समजू नये. तो हिस्सा काढतात तो मुख्यतः उग्र वासाच्या एस्टर आणि अल्डिहाइड या रसायनांसाठी. मिथेनॉल थोडं थोडं सगळ्या धारेत असतं, आणि नीट केलेल्या आंबवणीत ते मुळात कमीच असतं. माणसं मरतात ती बहुतेक वेळा कारखान्यातलं मिथेनॉल दारू म्हणून विकल्यामुळे. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली ती तशीच. परवाना, नोंदवही आणि तपासणी यांचा खरा उपयोग इथं आहे.

आणखी एक, इतिहासातलं. स्कॉटलंडच्या डोंगरांतही एकेकाळी घरोघरी चोरून दारू गाळत. १८२३ च्या कायद्यानं परवाना स्वस्त केला. पुढच्याच वर्षी ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथ या शेतकऱ्यानं तो घेतला. चोरून गाळणारे शेजारी इतके चिडले की तो कमरेला दोन पिस्तुलं लावून फिरायचा. आज तोच सगळा भाग व्हिस्कीच्या नावानं ओळखला जातो. हल्लीही तिथं शेतकऱ्यांच्या डिस्टिलऱ्या आहेत. आयला बेटावरच्या किलहोमन डिस्टिलरीत २००५ पासून शेतावरच बार्ली पिकवतात आणि तिथंच फरशीवर मोड आणतात. फाइफ भागातली डाफ्टमिल डिस्टिलरी तर शेतीची कामं नसतील तेव्हाच गाळते.

आपल्याकडे गोव्याच्या डेस्मंड नाझरेथ यांनी मोहाची बाटलीबंद दारू काढली, आणि डहाणूच्या एका डिस्टिलरीची मोहाची दारूही बाजारात आली आहे. म्हणजे महाराष्ट्रात हे होऊ शकतं. कंपनीला होतं ते गटाला का होऊ नये, हा झाडीपट्टीकरांचा प्रश्न रास्त आहे.

कुरखेड्याची लेक

सगळं वाचलं. भाऊ, तुमची तळमळ खरी आहे, म्हणून मीही खरं तेच लिहिते.

आमच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. ती वरून आलेली नाही, गावागावांतल्या बायांनी मागितली होती. मी तेव्हा शाळेत होते. माझी आई रात्री कंदील घेऊन इतर बायांबरोबर सडवा ओतायला जायची. घरी काय चालायचं म्हणून ती जायची, ते इथं लिहीत नाही. बंदी पूर्ण पाळली जाते असं मी म्हणणार नाही. आजही जंगलात सडव्याचे ड्रम सापडतात, त्यात काय काय टाकलेलं असतं ते माहीत आहे. नवसागर, युरिया. पण बंदी आहे म्हणून बाईला पोलीस पाटलाकडे जाऊन बोलता तरी येतं. चंद्रपूरला २०१५ मध्ये बंदी आली, २०२१ मध्ये उठली. उठल्यावर काय झालं ते तिथल्या बायांना विचारा.

रसायनी काका, तुमच्या त्या जॉर्ज स्मिथच्या गावातल्या बायकांचं काय झालं हे कोणी लिहून ठेवलंय का? बाटली महाग झाली आणि विमानतळावर विकली गेली म्हणून गावात पिणं कमी होतं, हे मला पटत नाही.

आणि आदिवासींच्या पूजेतला मोह वेगळा. जन्माला, लग्नाला, मरणाला तो लागतो, पहिली धार देवाला. त्याच्या आड कोणी येऊ नये. ती घरची गोष्ट आहे, धंद्याची नाही.

झाडीपट्टीकर

ताई, तुमच्या आईला नमस्कार. तुम्ही लिहिलंत त्यातला शब्दही खोडायचा नाही. त्या डिस्टिलरीतल्या बायांनाही आमच्या गटातल्या एका बाईनं हाच प्रश्न विचारला होता: "तुमचे माणसं पेत नाही का जी?" त्या बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, पितात. पण आता घरातला पैसा माझ्या खात्यात येतो आणि किल्ली माझ्याकडे असते. हे पुरेसं उत्तर आहे असं मी म्हणत नाही. मला ते महत्त्वाचं वाटलं एवढंच.

गडचिरोलीची बंदी उठवा असं माझं मुळीच म्हणणं नाही. गोंदियात बंदी नाही, इथं दुकानातून बाहेरच्या कंपन्यांची दारू रोज विकली जाते आणि तिचा एक पैसा मोह वेचणाऱ्या बाईकडे येत नाही. माझा प्रश्न तेवढ्यापुरता आहे.

दारव्ह्याचा शेतकरी

आमच्याकडं मोह कमी, पण ज्वारीचं कोणी सांगा भाऊ. पहिले आमच्या यवतमाळात ज्वारी म्हणजे घरचं सोनं होतं. आता कापूस न सोयाबीन, ज्वारी फक्त कडब्यापुरती. २००७ मध्ये सरकारनं धान्यापासून दारूचं धोरण आणलं तवा म्हणे ज्वारीले भाव भेटन. अनुदान कारखान्याले भेटलं. आमच्या ज्वारीले भाव कुठी भेटला? आता काका म्हणून राह्यले का स्कॉटलंडात शेतकरी सोताच्या बार्लीची व्हिस्की काढते, तं ज्वारीची निंगते का नाई?

निवृत्त रसायनी

निघते, आणि जगात भरपूर निघते. चीनमधली बायज्यू ही मुख्यतः ज्वारीची, माओताई त्यातलीच. आफ्रिकेत ज्वारीला मोड आणून बिअर करतात. ज्वारीच्या मोडांत बार्लीपेक्षा साखर सोडणारी विकरं (एन्झाइम) कमी पडतात, म्हणून तंत्र थोडं वेगळं लागतं, पण अशक्य काही नाही. २००७ च्या धोरणात मोठ्या कारखान्याला धान्य फक्त स्टार्च म्हणून हवं होतं, कोणत्या गावची ज्वारी याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. पावसात काळी पडलेली स्वस्त ज्वारी त्याला चालते. लहान डिस्टिलरीला दाण्याची चव हवी असते, म्हणून ती शेतकऱ्याला शोधत येते. फरक तिथं आहे.

विषय निघालाच आहे तर: भारतात व्हिस्की म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी बाटल्यांत उसाच्या मळीचं अल्कोहोल असतं, युरोपात तिला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. अस्सल धान्याची माल्ट व्हिस्की भारतातून बाहेर गाजली ती बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीमुळे, २००४ मध्ये त्यांनी ती ग्लासगोत नेऊन विकायला ठेवली. आपल्या उन्हाचा गुण आणि तोटाही लक्षात घ्या. स्कॉटलंडात पिंपातून दरसाल २ टक्क्यांच्या आसपास दारू उडून जाते, बंगळुरूत १० टक्क्यांच्या वर. विदर्भातल्या मे महिन्यात किती उडेल याचा विचार करून मला धडकी भरते. पिंपं ठेवायची तर जमिनीखाली खोली हवी. पण पिंपातली दारू लवकर पिकेलही. मोह पिंपात न घालता विकता येतो, लहान गटासाठी ही मोठी सोय आहे, पैसा तीन वर्षं अडकत नाही.

कोरचीचा गणेश

मी ग्रामसभेचं काम करतो. वनहक्क कायद्यानं गौण वनोपजाची (लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मोह, तेंदूसारख्या वस्तूंची) मालकी ग्रामसभेची आहे, गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला तेव्हापासून आमच्याकडे हळूहळू बरंच बदललं. मोहफुलाच्या वाहतुकीवरचे आणि साठ्यावरचे निर्बंधही राज्यानं २०२१ मध्ये उठवले. त्याआधी पोतंभर फुलं बाजारात न्यायची तरी बाई भीत भीत जायची.

माझा अनुभव असा की भावाचं खरं गणित साठवणुकीत आहे. केंद्राचा आधारभूत भाव २०२० मध्ये किलोला १७ वरून ३० रुपये झाला, पण हंगामात सगळे एकदम विकतात तेव्हा व्यापारी मनाला येईल ते देतो. पाऊस लागला की फूल ओल धरतं, चिकट होतं, काळं पडतं, मग कोणी घेत नाही. आम्ही कडक वाळवून, हवा जाणार नाही अशा जाड पिशव्यांत भरून समाज मंदिरात ठेवतो आणि सप्टेंबरनंतर एकत्र विकतो. ज्याला हंगामात पैसे लागतात त्याला ग्रामसभा थोडी उचल देते. दारूचा संबंधही न येता बाईच्या हातात जास्त पैसे येतात. कुरखेड्याच्या ताईंना हे तरी चालेल असं वाटतं.

मध्य प्रदेशातून जाळीवरची स्वच्छ फुलं खाण्याच्या वस्तूंसाठी इंग्लंडला गेली आहेत, आधारभूत भावाच्या कितीतरी वर. तेव्हा जाळीचा खर्च वाया जात नाही.

कुरखेड्याची लेक

गणेशभाऊ, हे चालेलच, हे आम्हीही करतो. मोहाचे लाडू, मनुक्यांसारखी भाजलेली फुलं, टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल. आमच्या लहानपणी भुकेच्या दिवसांत उकडलेल्या मोहावर घरं जगली आहेत. मोह म्हटलं की लोकांना फक्त दारू आठवते याचं वाईट वाटतं.

साकोली_टू_पुणे

छोटी शंका: तिथून बाटली आणता येते का? पुण्यातल्या मित्रांना दाखवायची होती.

झाडीपट्टीकर

नाही. परराज्यातली दारू महाराष्ट्राच्या उत्पादन शुल्क खात्याच्या परवानगीशिवाय आणता येत नाही, आणि सीमेवर गाड्या तपासतात. आम्ही कोणीच आणली नाही. आणताना गटाची गाडी पकडली गेली असती तर या कामाची सुरुवात तिथंच संपली असती.

गणेशभाऊ, पिशव्यांबद्दल तुम्हाला वेगळा निरोप पाठवतो. काल गटाची बैठक झाली. दारूचा विषय बाजूला ठेवून यंदा फक्त जाळी आणि साठवण करायची असं सगळ्यांच्या मतानं ठरलं. परवान्यासाठी अर्ज कुठं, कसा करायचा त्याची विचारपूस मी जिल्ह्याच्या कार्यालयात सुरू करतोय, कळेल ते इथं लिहीन. वैशालीताई, जाळी कोणती घ्यावी? आमच्या मोहाखाली जमीन उताराची आहे, फुलं गडगडत खाली जातात.

पवनीची वैशाली

कृषी केंद्रात हिरवी शेडनेट मिळते तीच घ्या, बारीक विणीची. भोकं मोठी असली तर फूल अडकतं आणि काढताना फुटतं. उताराला जाळी जमिनीवर अंथरू नका. खालच्या बाजूनं चार खुंट्या मारून कड गुडघ्याएवढी उचलून बांधा, फुलं तिथं येऊन थांबतात. रात्री झोपताना नाही, संध्याकाळी उजेड असताना बांधा, आणि सकाळी चांगलं उजाडल्यावर दोघी-तिघी मिळून जा. फूल जाळीवर असल्यावर पहाटे तीनला धावायची गरज राहत नाही, गुरंढोरं शिरू नयेत एवढं पाहा. दव जास्त असेल तर लगेच गोळा करून सुपात पसरा, पोत्यात दाबून ठेवाल तर दुपारपर्यंत आंबट वास सुटेल. आणि पहिल्या वर्षी सगळ्या झाडांना जाळी घेऊ नका, दाट फुलणारी झाडं निवडा. ती कोणती ते तुमच्या म्हाताऱ्या बायांना तोंडपाठ असतं.